'तक्रार नाही' असं लिहून देण्याआधी

शस्त्रक्रिया सुरू असताना किंवा ती आटोपून काही तासांत माणूस गेला, की पोलीस नातेवाइकांचा जबाब घेतात. हवालदाराचा हात अशा जबाबांना सरावलेला असतो. मयताचं नाव, वय, राहणार, कशासाठी दाखल केलं, किती वाजता मयत घोषित केलं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'सदर मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध काही एक तक्रार अगर संशय नाही.' खाली सही किंवा अंगठा. गावाकडची माणसं निघालेली असतात, ॲम्ब्युलन्सवाला घाई करत असतो, आणि घरातलं कुणी वडीलधारं म्हणतं, 'गेलेला जीव परत येणार आहे का? आता चिरफाड कशाला?' सही होते. संध्याकाळी अग्नी दिला जातो.

पुढची लढाई बहुतेक वेळा या सहीपाशीच हरलेली असते. कायद्यानं अशा कुटुंबाला चार-पाच वाटा दिल्या आहेत, आणि कागदावर त्या वाईट नाहीत. पण प्रत्येक वाट एकाच प्रश्नापाशी अडते: माणूस नेमका कशानं गेला? त्याचं उत्तर ज्यातून मिळेल ते कागद रुग्णालयाच्या कपाटात असतात, आणि देह राख झालेला असतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा त्यानंतर लगेच झालेल्या मृत्यूत शवविच्छेदन आणि संपूर्ण केसपेपरची प्रत या दोन गोष्टी नातेवाइकांनी तक्रार केली तरच, अशा राहू नयेत. त्या आपोआप व्हायला हव्यात.

आपल्याच राज्यातलं एक जुनं प्रकरण बघा. जुलै १९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. एक बाई बाळंत झाली आणि तीन दिवसांनी, १३ जुलैला, तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप, पोटात असह्य दुखणं, प्रकृती ढासळत गेली. १९ जुलैला दुसऱ्या सर्जननं पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत रक्त टिपायचा मॉप सापडला आणि पू झालेला दिसला. २४ जुलैला ती गेली. नवरा आणि मुलं दिवाणी न्यायालयात गेली. तिथं ३६ हजार रुपये भरपाई मंजूर झाली. उच्च न्यायालयानं सरकारवर जबाबदारी येत नाही म्हणून तो हुकूम फिरवला. सर्वोच्च न्यायालयानं 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात तो पुन्हा उभा केला, फेब्रुवारी १९९६ मध्ये. आई गेली तेव्हा तान्हं असलेलं मूल तोवर तेहतिशीला आलेलं असणार.

या निकालानं दोन गोष्टी पक्क्या केल्या. रुग्णालय चालवणं हे काही सार्वभौम सत्तेचं काम नव्हे, त्यामुळे सरकारी डॉक्टरच्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला द्यावी लागते. आणि पोटात मॉप राहिला असेल तर निष्काळजीपणा सिद्ध करायला आणखी कुणा तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही; ती वस्तूच साक्ष देते. पण मला यात तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती बाई १८ जुलैला गेली असती, आणि घरच्यांनी तसंच नेऊन अंत्यसंस्कार केले असते, तर हा खटला उभाच राहिला नसता. बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, एवढंच कारण दाखल्यावर आलं असतं. कुटुंबाला न्याय मिळाला (तेहतीस वर्षांनी का होईना) तो मरणाआधी कुणीतरी पोट उघडून आत पाहिलं म्हणून.

ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्याआधी सिस्टर मॉप, सुया, अवजारं मोजून 'काउंट बरोबर आहे' असं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची जी सुरक्षा-यादी दिली, तिच्यातही ही मोजणी आहे. म्हणजे बहुतेक ठिकाणी काउंटची नोंद कुठेतरी असते. भूलतज्ज्ञाचा तक्ता असतो, त्यात दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन लिहिलेला असतो. ऑपरेशन नोट असते, आयसीयूचा चार्ट असतो, रक्तपेढीची पावती असते, संमतिपत्र असतं. नातेवाइकांच्या हातात मात्र डिस्चार्ज समरी किंवा डेथ समरीचं एक पान पडतं आणि बिल. आणि त्या एका पानात बहुधा 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने मृत्यू' असं लिहिलेलं असतं. प्रत्येक माणूस त्याच कारणानं मरतो.

केसपेपर मागण्याचा हक्क नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच रुग्णालयांनी रुग्णाला किंवा नातेवाइकांना प्रती द्यायला हव्यात असं सांगितलं. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख-वेळ घालून घ्यावी. रिसेप्शनवर पोच देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट. रुग्णालयानं कागद दिलेच नाहीत तर ग्राहक आयोग ती गोष्ट रुग्णालयाच्या विरोधात धरू शकतो. तरीही उशिरा मिळालेला कागद आणि त्याच संध्याकाळी मिळालेला कागद यांत फरक पडतो. का, ते थिएटरमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, खासगीत सांगेल.

शवविच्छेदनाचं म्हणाल तर संशय असल्याचं पोलिसांना लेखी द्यावं लागतं. 'मृत्यूच्या कारणाबद्दल शंका आहे, शवविच्छेदन व्हावे' एवढं एक वाक्य पुरतं. कुणावर आरोप करायची गरज नाही. ज्या रुग्णालयात माणूस गेला तिथंच नको, दुसऱ्या सरकारी संस्थेत व्हावं, इन-कॅमेरा (म्हणजे चित्रीकरण करून) व्हावं, अवयवांचे तुकडे तपासणीला राखून ठेवावेत, अशी विनंती त्याच अर्जात करता येते. दफन झालं असेल तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं देह पुन्हा बाहेर काढता येतो. दहनानंतर ती सोय नाही. आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राज्याच्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात ही तरतूद रुग्णहक्कांच्या सनदेबरोबर आली. हे रुग्णालयाच्या काउंटरवर ठामपणे सांगणारा एक तरी माणूस सोबत असावा.

आता हे सगळं सुतकात बसलेल्या घरानं करायचं. रात्री दोन वाजता, परक्या शहरात, अनोळखी माणसांशी भांडून. कायद्याची वाट दाखवणारे सगळे लेख 'पुरावे जपून ठेवा' असं सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. मला वाटतं, अडचणीचं मूळ या एका सूचनेतच आहे.

आधी पोलिसांचं बघू, कारण रागावलेलं कुटुंब पहिल्यांदा तिथंच जातं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ जुलै २०२४ पासून लागू आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तो घडला तर कमाल दोन वर्षं. त्याहून मोठी अडचण २००५ च्या 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या निकालाची आहे. लुधियानाच्या रुग्णालयात एका वृद्ध रुग्णाला श्वास घेता येईना, डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटांनी आले, ऑक्सिजन लावायला गेले तर सिलिंडर रिकामा. दुसरा आणेपर्यंत माणूस गेला. एवढं होऊनही सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांवरची फौजदारी कारवाई रद्द केली. रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकते, पण डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला निष्काळजीपणा घोर हवा, असं न्यायालय म्हणालं. आणि पोलिसांनी पुढे जाण्यापूर्वी त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचं तटस्थ मत घ्यावं.

रिकाम्या सिलिंडरची ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा संतापलो होतो. आता मला त्या निकालामागचं कारण पटतं. राजस्थानात दौसा जिल्ह्यात २०२२ मध्ये बाळंतपणातल्या रक्तस्रावानं एक स्त्री गेली, जमावाच्या दबावाखाली डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लागलं आणि त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आत्महत्या केली. फौजदारी कायदा हा हेतू आणि बेपर्वाई मोजायचा काटा आहे; चुकलेल्या निर्णयाचं माप त्यात नीट होत नाही. शिवाय कुटुंबाला त्यातून भरपाई म्हणून फारसं काही मिळत नाही. दारू पिऊन शस्त्रक्रिया, पात्रता नसताना हातात घेतलेली सुरी, कागदांत केलेली खाडाखोड, असं काही असेल तर पोलिसांकडे जरूर जावं. ठाण्यात घेतलं नाही तर अधीक्षकांकडे, तिथून दंडाधिकाऱ्यांकडे. एरवी, ज्यांना पैशांची आणि उत्तराची गरज आहे त्यांनी आपली सगळी ताकद इथं खर्च करू नये.

ती ताकद ग्राहक आयोगासाठी ठेवावी. १९९५ मध्ये 'व्ही. पी. शांता' निकालानं पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आणला. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असा दावा झाला. तो मुंबई उच्च न्यायालयात आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मृताच्या वारसांना तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: तक्रार कुठल्या आयोगात जाते हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला भरलेल्या रकमेवर ठरतं. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मग भरपाई दोन कोटी मागा. बिल पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि विधवा बुलढाण्यात राहते, तर ती बुलढाण्याच्या आयोगात तक्रार करू शकते. मुंबईच्या खेपा घालायचं कारण नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. रुग्णालयाला निकालाविरुद्ध अपील करायचं असेल तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

इथंही पुराव्याचा अडथळा आहेच, पण न्यायालयांनी तो थोडा कमी केला आहे. २००४ च्या सविता गर्ग निकालानुसार फक्त रुग्णालयाला प्रतिवादी केलं तरी चालतं. भूल कुणी दिली, रात्रपाळीला कोण होतं, हे कुटुंबानं शोधून काढायची गरज नाही. कुटुंबानं प्राथमिक गोष्टी मांडल्या की खुलासा करायची जबाबदारी रुग्णालयावर येते. २०१० मध्ये व्ही. किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल हवाच असं नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात मात्र तो लागतो, आणि मग अडतं. ज्या शहरात सर्जन एकमेकांना रुग्ण पाठवतात, एकाच संघटनेच्या सभेला बसतात, तिथं कोण कुणाविरुद्ध लिहून देणार? दुसऱ्या जिल्ह्यातले, वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक शोधावे लागतात. त्यांच्यासमोर ठेवायला पुन्हा तेच लागतं: भूलचा तक्ता, ऑपरेशन नोट, शवविच्छेदनाचा अहवाल.

आणि हेही स्वच्छ सांगायला हवं: मृत्यू झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं. सरासरी कुशल डॉक्टरनं त्या परिस्थितीत जे केलं असतं ते याने केलं का, एवढंच न्यायालय विचारतं. फुफ्फुसात गुठळी जाऊन माणूस जाऊ शकतो, भुलेची अनपेक्षित प्रतिक्रिया येऊ शकते. पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होऊ शकते. ती वेळेत ओळखली का, ओळखल्यावर वरच्या रुग्णालयात पाठवलं का, हा खरा प्रश्न असतो.

सर्व रुग्णांना सगळे उपचार फुकट देणाऱ्या सरकारी रुग्णालयाला ग्राहक कायदा लागत नाही. काहींकडून पैसे घेत असतील तर तिथल्या फुकट रुग्णालाही तो लागतो, आणि विमा कंपनीनं बिल भरलं तरीही. जिथं लागत नाही तिथं दिवाणी दावा, १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली. होय, १८५५. त्यात पती-पत्नी, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठीच भरपाई मागता येते, आणि मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. धाकट्या भावाला सांभाळणारी मोठी बहीण गेली तर तो भाऊ या कायद्यात बसत नाही.

राहिली वैद्यकीय परिषद. तिथं पैसे मिळत नाहीत. डॉक्टरला ताकीद मिळते किंवा नोंदणी काही काळ निलंबित होते. म्हणून वकील ही वाट टाळायला सांगतात. पण पंजाबातल्या एका प्रकरणात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २००४ मध्ये रुग्ण गेल्यावर, राज्य परिषदेनं दोष नाही म्हटलं, कुटुंब वरच्या परिषदेकडे गेलं आणि तिथं निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला. त्या अहवालाला ग्राहक खटल्यात मोठं महत्त्व आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये २५ लाख रुपये मंजूर केले. आता २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० वाचा: राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्यात फक्त डॉक्टरला आहे. ज्या दारातून ते कुटुंब आत गेलं ते दार संसदेनं लावून घेतलं. यावर आपल्याकडे जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

या साऱ्या वाटा लांब आणि कागदांच्या म्हणूनच कायद्याबाहेरची आणखी एक वाट आपल्याकडे रूढ झाली आहे. गावातला किंवा वॉर्डातला कुणी पुढारी पंधरा-वीस पोरं घेऊन येतो, काचा फुटतात, मृतदेह दारात ठेवला जातो, आणि रात्री उशिरा मॅनेजमेंटच्या केबिनमध्ये आकडा ठरतो. बिल माफ आणि वर काही लाख. कुटुंब 'तक्रार नाही' लिहून देतं. त्या रकमेतलं कुटुंबापर्यंत किती पोचतं हे पुढाऱ्यालाच ठाऊक. काचा फोडणाऱ्या पोरांवर २०१० च्या वैद्यकीय सेवा हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आणि रुग्णालयात नेमकं काय चुकलं हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर तेच पुन्हा होऊ शकतं. तडजोड करणाऱ्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. दोन वर्षांत निकाल लागेल अशी खात्री ज्याला देता येत नाही त्याने कुणाला धीर धरायला सांगू नये. ग्राहक कायद्यात निकालासाठी नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, आणि ती वाचून आयोगाच्या दालनाबाहेर बसलेली माणसं हसतात.

म्हणून सुरुवातीचा नियम बदलावा असं मी म्हणतो. शस्त्रक्रियेदरम्यान किंवा नंतरच्या ४८ तासांत मृत्यू झाला तर दुसऱ्या संस्थेत शवविच्छेदन व्हावं, हाच रिवाज असावा. नातेवाइकांना नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं, आणि ते विचारणारा माणूस त्या रुग्णालयाचा नसावा. आज हवं असणाऱ्याला मागावं लागतं. उद्या नको असणाऱ्यानं नाकारावं. मृत्यू घोषित होताच केसपेपरची पानं क्रमांक घालून स्कॅन व्हावीत आणि मृतदेहाबरोबरच प्रत हातात पडावी. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी काय घडलं ते एका पानात, मराठीत, सहीनिशी लिहून द्यावं.

डॉक्टर म्हणतील, यानं खटले वाढतील. मला उलटं वाटतं. आज संशयाला आधार नसतो तसं संशय फेडायलाही काही नसतं, म्हणून प्रामाणिक सर्जनलाही आयुष्यभर 'त्यानंच मारलं' ऐकावं लागतं. हृदयविकाराचा झटका होता, गुठळी होती, हे तटस्थ शवविच्छेदनातून आलं तर त्याच्याइतका फायदा कुणाचाच नाही. शवागारं अपुरी आहेत, न्यायवैद्यक तज्ज्ञ कमी आहेत, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि खासगी रुग्णालयांकडून नोंदणीच्या वेळी त्यासाठी वेगळं शुल्क घ्यायला हरकत नसावी.

भरपाईचंही एक उदाहरण सरकारच्या हाताशी आहे. नसबंदीनंतर मृत्यू झाला तर कुटुंबनियोजनाच्या योजनेतून ठरावीक रक्कम वारसांना मिळते. कुणाची चूक होती हे आधी सिद्ध करावं लागत नाही. औरंगाबादच्या त्या बाईच्या मुलांना हे तेव्हा मिळालं असतं तर ३६ हजारांसाठी दिल्ली गाठावी लागली नसती. मग अपेंडिक्सच्या किंवा सिझेरियनच्या टेबलावर गेलेल्यांच्या घरी निदान पहिले सहा महिने चूल पेटेल एवढी रक्कम, दोषाचा प्रश्न पुढे ठेवून, का मिळू नये?

रक्कम देणाऱ्या योजनेला अर्थसंकल्पात तरतूद लागेल, ती वेळखाऊ आहे. शवविच्छेदन आणि कागदांचं तसं नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालचे नियम २०२१ मध्ये बदलले, तसेच ते पुन्हा बदलता येतील. सरकारी रुग्णालयांसाठी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन खात्यांचा शासन निर्णय पुरेल.